आईपणाचा परवाना : मार्गारेट सँगर

परवाना हा शब्द आपल्या चांगलाच अंगवळणी पडलेला आहे. चहाची टपरी टाकायची तर परवाना, बंदूक बाळगायची तर परवाना, मोटार चालवायची तर परवाना. एके काळी घरात रेडिओ वाजवायलाही लायसन्स काढावे लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. पण मूल होऊ देण्यासाठी अर्ज घेऊन नगरपालिकेच्या खिडकीशी उभे राहायचे, ही कल्पना ऐकून बहुतेकांना हसू येईल. अमेरिकेत १९३४ साली ती अगदी गंभीरपणे, रीतसर कलमे पाडून मांडली गेली होती. मांडणारी व्यक्ती कुणी हुकूमशहा नव्हती. ती होती तीन मुलांची आई झालेली, परिचारिकेचा पेशा केलेली एक बाई. मूल केव्हा व्हावे हे सरकारने नव्हे तर स्त्रीने ठरवावे, या हट्टापायी याच बाईने सतरा वर्षांपूर्वी तुरुंगवास पत्करला होता. संततिनियमनाची चळवळ जगभर नेणाऱ्या मार्गारेट सँगर यांच्या आयुष्यातले हे कोडे आहे. त्यांच्या चरित्राकडे या लेखात मुख्यतः त्याच अंगाने पाहायचे आहे.

मार्गारेटचा जन्म १४ सप्टेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या गावी झाला. कॉर्निंग हे काचेच्या कारखान्यांचे गाव. मालक आणि मोठे पगारदार टेकडीवर राहत, मजूर खाली नदीकाठी राहत. टेकडीवरच्या घरांत मुले दोन-तीन, नदीकाठच्या घरांत आठ-दहा. हा फरक या मुलीच्या मनात फार लवकर रुतून बसला. वडील मायकेल हिगिन्स हे आयर्लंडहून आलेले पाथरवट. कबरींवरचे देवदूत ते सुरेख कोरीत. पण माणूस पडला नास्तिक आणि तोंडाने फटकळ. एका प्रसिद्ध नास्तिक वक्त्याला त्यांनी गावात व्याख्यानाला बोलावले, तेव्हापासून चर्चच्या मंडळींनी त्यांना काम देणे जवळजवळ बंद केले. थडगी घडविणाऱ्याने पाद्र्यांशी वैर धरले तर चूल कशी पेटणार? आई अ‍ॅन ही श्रद्धाळू कॅथलिक आणि क्षयाने पोखरलेली. अठरा वेळा ती गरोदर राहिली. अकरा मुले जगात आली, सात गर्भ गेले. मार्गारेट त्या अकरांतली सहावी. खोकल्याची उबळ आली की आई भिंतीचा आधार घेऊन उभी राहायची, हे दृश्य तिच्या लहानपणाचा भागच होते. १८९९ मध्ये ती माउली गेली तेव्हा तिला पन्नाशीही गाठता आली नव्हती.

थोरल्या बहिणींनी पदरमोड करून मार्गारेटला शिकविले. पुढे तिने व्हाइट प्लेन्सच्या रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९०२ मध्ये विल्यम सँगर या वास्तुशिल्पज्ञाशी लग्न केले. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईचाच रोग तिच्याही अंगात असल्याचे दिसून आले. तिला डोंगरातल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात जाऊन राहावे लागले. त्यातून ती वाचली. स्टुअर्ट आणि ग्रँट हे दोन मुलगे आणि पेगी ही मुलगी अशी तीन अपत्ये झाली. ही आजारपणाची हकीकत वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९१०च्या सुमारास हे कुटुंब न्यूयॉर्क शहरात आले आणि मार्गारेटबाई शहराच्या पूर्व भागातील स्थलांतरितांच्या वस्तीत घरोघर जाऊन बाळंतिणींची शुश्रूषा करू लागल्या. एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, कोंदट जिने, आणि शनिवारी संध्याकाळी गर्भ पाडणाऱ्या स्वस्त वैदूच्या दारात डोक्यावर शाल ओढून ओळीने उभ्या राहिलेल्या बाया. आपल्या आयुष्याला वळण लागले ते १९१२च्या उन्हाळ्यात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सेडी सॅक्स नावाच्या, एका मालगाडीवानाच्या बायकोने स्वतःच गर्भपाताचा प्रयत्न केला आणि ती मरणाच्या दारातून परत आली. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय करू, असे तिने डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी नवऱ्याला गच्चीवर झोपायला पाठवण्याचा सल्ला हसत हसत दिला आणि टोपी उचलली. काही महिन्यांनी त्याच कारणाने ती बाई मेली. सेडी ही एकच खरी बाई होती की बाईंनी पाहिलेल्या अनेक बायांची मिळून ती झाली होती, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. माझ्या मते त्याने फारसे बिघडत नाही, कारण तशा मरणांची त्या वस्तीत वाण नव्हती.

डॉक्टरने उत्तर दिले नाही यात केवळ त्याचा कोडगेपणा नव्हता, कायदाही होता. १८७३ साली अमेरिकन काँग्रेसने कॉमस्टॉक कायदा केला होता. अँथनी कॉमस्टॉक नावाच्या सोवळ्या गृहस्थाच्या खटपटीने तो झाला, आणि टपाल खात्याचा खास निरीक्षक म्हणून पुढे चाळीस वर्षे त्यानेच तो राबविला. गर्भधारणा टाळण्याची साधने आणि त्यांची नुसती माहितीसुद्धा या कायद्याने अश्लील ठरवली. ती टपालाने पाठविणे हा गुन्हा झाला. म्हणजे सरकार तेव्हाही दांपत्याच्या खोलीत हजर होतेच. मूल होऊ द्या, टाळण्याचा विचार करू नका, हा त्याचा हुकूम होता.

बाईंनी या हुकुमाविरुद्ध बंड पुकारले. मार्च १९१४ मध्ये त्यांनी ‘द वूमन रिबेल’ हे मासिक काढले. ‘बर्थ कंट्रोल’ हा आज सर्वतोमुखी असलेला शब्द त्यांच्याच मंडळींच्या बैठकीत त्या वर्षी जन्मला. ऑगस्टमध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला. दीर्घ मुदतीची शिक्षा समोर दिसत असताना त्यांनी ‘फॅमिली लिमिटेशन’ ही सोळा पानी पुस्तिका लिहिली, तिच्या एक लाख प्रती गुपचूप छापून घेतल्या आणि कॅनडामार्गे खोट्या नावाने इंग्लंड गाठले. बोट किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्यांनी तारेने संकेत दिला आणि पुस्तिका देशभर वाटल्या गेल्या. एक प्रत एका अनोळखी माणसाला दिल्याबद्दल मागे राहिलेले विल्यम सँगर पकडले गेले आणि महिनाभर तुरुंगात जाऊन आले. तो माणूस कॉमस्टॉकचा हस्तक होता! युरोपातल्या मुक्कामात बाई हॉलंडला गेल्या. नुसती पुस्तिका वाचून हे साधन बाईला नीट वापरता येत नाही, प्रशिक्षित हातांनी तपासून योग्य मापाचे साधन बसवून द्यावे लागते, हे तिथल्या दवाखान्यांत त्यांना कळले. छापील कागदाकडून दवाखान्याकडे त्या वळल्या त्या इथे. १९१५च्या ऑक्टोबरमध्ये त्या खटल्याला तोंड द्यायला परतल्या आणि नोव्हेंबरमध्ये पाच वर्षांची पेगी न्यूमोनियाने गेली. हा घाव त्यांच्या आयुष्यात कधीच भरून आला नाही. पुढे फेब्रुवारी १९१६ मध्ये सरकारने खटला काढून घेतला. लेक गमावलेल्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सरकारलाही परवडणारे नव्हते.

१६ ऑक्टोबर १९१६. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ब्राउन्सव्हिल नावाची गरीब ज्यू आणि इटालियन वस्ती. तिथे ४६, अँबॉय स्ट्रीट या पत्त्यावर दोन खोल्यांचा दवाखाना उघडला. अमेरिकेतला हा पहिला संततिनियमन दवाखाना. मार्गारेटबाई, त्यांची धाकटी बहीण एथेल बर्न (तीही परिचारिका) आणि फानिया मिंडेल ही दुभाषी कार्यकर्ती, असा तिघींचा कारभार. एकही डॉक्टर यायला तयार झाला नव्हता. इंग्रजी, यिद्दिश आणि इटालियन अशा तीन भाषांत छापलेली पत्रके घरोघर वाटलेली. फी दहा सेंट. सकाळी दार उघडण्याआधीच बाहेर रांग लागली होती. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हाताशी बाबागाडी, कुणी शेजारणीला बरोबर घेऊन आलेली. पहिल्याच दिवशी शंभराहून अधिक बायका येऊन गेल्या. कुणालाही तिचा पगार विचारून, बुद्धी मोजून किंवा कूळ पाहून परत पाठविले गेले नाही. किती मुले झाली, किती गेली, किती वेळा गर्भ पाडला, एवढे विचारून वहीत टिपून घेत आणि माहिती देत. नऊ-दहा दिवसांत त्या वहीत ४६४ बायकांच्या नोंदी झाल्या. मग साध्या वेशातली एक महिला पोलीस गिऱ्हाईक बनून आली, पाठोपाठ धाड पडली आणि वहीसकट सारे जप्त झाले.

एथेलला तीस दिवसांची शिक्षा झाली. तिने तुरुंगात अन्नपाणी सोडले, तेव्हा अधिकाऱ्यांनी नळीने तिच्या पोटात बळजबरीने अन्न घातले. ही बातमी रोज वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत राहिली. मार्गारेटबाईंच्या खटल्यात ब्राउन्सव्हिलच्या आया पोरेबाळे घेऊन कोर्टात येऊन बसल्या होत्या. यापुढे कायदा पाळीन एवढे वचन दिले तर सौम्यपणे वागवू, असे न्यायाधीशांनी सुचविले. आज आहे तसा हा कायदा मला पाळता येणार नाही, असे सांगून बाईंनी १९१७च्या आरंभी तीस दिवसांचा तुरुंगवास स्वीकारला. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे शिखर हेच.

पण त्या खटल्याच्या अपिलातून एक गोष्ट निघाली आणि तिने चळवळीची दिशा बदलली. १९१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने बाईंची शिक्षा कायम ठेवली. मात्र रोग टाळण्यासाठी वा बरा करण्यासाठी विवाहितांना डॉक्टर हे साधन देऊ शकतात, असा कायद्याचा अर्थ लावला. किल्ली पोलिसांच्या हातून सुटली खरी, पण ती स्त्रीच्या हाती न येता डॉक्टरच्या खिशात गेली. बाई व्यवहारचतुर होत्या. मिळाले ते त्यांनी घेतले. १९२१ मध्ये अमेरिकन बर्थ कंट्रोल लीग, १९२३ मध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखालचा न्यूयॉर्कचा दवाखाना. पहिल्या पतीशी काडीमोड झाला होता. १९२२ मध्ये त्यांनी जे. नोआ स्ली या यंत्रतेलाच्या श्रीमंत कारखानदाराशी लग्न केले. या स्लीसाहेबांच्या तेलाच्या खोक्यांतून साधने कॅनडाच्या हद्दीवरून चोरून आणली जात. नवरा असावा तर असा, असे म्हणण्याचा मोह होतो! तथापि जुने मजूरपुढारी आणि समाजवादी सोबती आता मागे पडले होते. त्यांच्या जागी डॉक्टर, प्राध्यापक, देणगीदार आले, आणि त्यांच्याबरोबर एक नवे शास्त्रही आले.

ते शास्त्र म्हणजे सुप्रजाजननशास्त्र. १८८३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज विद्वानाने त्याचे नामकरण केले होते. चांगल्या घोड्यांची पैदास करतात तशी चांगल्या माणसांची पैदास वाढवावी आणि वाईटांची रोखावी, हे त्याचे सार. त्या काळी मोठमोठ्या विद्यापीठांतून ते शिकविले जाई. त्याला नाके मुरडणारे थोडे. बाईंचे त्या पंडितांशी पूर्ण जुळले असे नाही. उच्चकुलीन बायकांनी राष्ट्रासाठी भरपूर मुले प्रसवावीत, हा त्यांचा आग्रह बाईंनी धुडकावून लावला; स्त्रीचे पहिले कर्तव्य स्वतःशी, हे त्या त्यांनाही सुनावीत. पण नालायकांची वाढ थांबली पाहिजे, हे दुसरे अर्धे मात्र त्यांनी मनापासून उचलले. ‘द पिव्हट ऑफ सिव्हिलायझेशन’ या त्यांच्या १९२२च्या पुस्तकात मंदबुद्धी लोकांविषयीचा मजकूर आज वाचवत नाही. श्रोते मिळाले की बोलायचे, हा त्यांचा खाक्या. १९२६ मध्ये तर न्यू जर्सीत कू क्लक्स क्लॅन या कुप्रसिद्ध वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या महिला शाखेपुढेही त्यांनी व्याख्यान दिले, आणि ते स्वतःच आत्मचरित्रात नोंदवून ठेवले.

नालायक कोण हे ठरविते कोण, याचे उत्तर १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिले. व्हर्जिनियातील कॅरी बक ही गरीब मुलगी. पाळणाऱ्या घरातल्या नातेवाइकाच्या बलात्कारातून तिला मूल झाले. त्या घराने तिला मंदबुद्धी म्हणून सरकारी आश्रमात टाकले. तिची आई मंदबुद्धी, ती मंदबुद्धी, तिची तान्ही मुलगीही तशीच, असे ठरवून राज्याने तिची नसबंदी करण्याचा घाट घातला. आठ विरुद्ध एक मताने न्यायालयाने त्याला मान्यता दिली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स हे उदारमतवादी म्हणून नावाजलेले होते. या खटल्याशी सँगरबाईंचा संबंध नव्हता. तत्त्वाला मात्र त्यांचा पाठिंबा होता. तीसहून अधिक राज्यांत असे कायदे झाले आणि साठ हजारांहून अधिक माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. कॅरीची ती मंदबुद्धी ठरविलेली मुलगी पुढे शाळेत जाऊ लागली आणि हुशार विद्यार्थ्यांच्या यादीत तिचे नाव आले. आठव्या वर्षी ती आजाराने वारली.

आता १९३४. मंदीने अमेरिका पिळून निघाली होती. कोट्यवधी बेकार, सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे, आणि रूझवेल्ट सरकारचा नियोजनाचा धडाका. प्रत्येक धंद्याला ‘कोड’ म्हणजे नियमावली लावली जात होती. शेतकऱ्याने कापूस किती पेरायचा, डुकरे किती पाळायची, तेही सरकार ठरवू लागले होते. त्याच धर्तीवर बाईंनी बाळांसाठी एक कोड लिहून प्रसिद्ध केला. त्यात असे होते की लग्नाच्या परवान्याने नवराबायकोला फक्त एकत्र राहण्याचा हक्क मिळावा, मूल होऊ देण्याचा नव्हे. त्यासाठी शहर, जिल्हा वा राज्य सरकारकडे अर्ज करावा. जोडपे मुलाला पोसण्याइतके सांपत्तिक दृष्ट्या समर्थ हवे, मूल वाढविण्यास लायक हवे, त्यांना संक्रमित होणारा रोग नसावा आणि बाळंतपणाने बाईच्या जिवाला धोका नसावा. परवाना एकाच जन्मापुरता. दुसऱ्या मुलासाठी पुन्हा अर्ज. आणि तज्ज्ञांनी जीवशास्त्रदृष्ट्या नालायक ठरविलेल्यांची नसबंदी करावी किंवा त्यांना वेगळे ठेवावे. हे अमलात आणणे कदाचित अशक्य होईल, अशी कबुली त्यांनी तिथेच देऊन टाकली होती. पण नियोजनच करायचे तर ते संख्येवाचून कसे करणार, असा त्यांचा सवाल होता.

कल्पनेमागचा कळवळा खोटा नव्हता. मोटार चालविण्याआधी परीक्षा घेता, मूल दत्तक देण्याआधी घराची चौकशी करता, मग पोटच्या पोराला उपाशी ठेवणाऱ्या, गुरासारखे बडविणाऱ्या आईबापांना कुणीच का विचारू नये, हा युक्तिवाद आपल्या वक्तृत्वस्पर्धांतूनही ऐकू येतो आणि त्याला टाळ्याही पडतात. मुलाच्या बाजूने पाहिले तर त्यात तथ्य आहेच. पण मुलाचे हाल झाल्यावर सरकारने मध्ये पडणे वेगळे, आणि अजून झालेच नाहीत अशा हालांसाठी माणसाला आधीच अपात्र ठरविणे वेगळे. मोटारीच्या परीक्षकाला समोर गाडी दिसते. होणाऱ्या आईबापांची परीक्षा घेणाऱ्यापुढे पगाराचा दाखला, डॉक्टरची चिठ्ठी आणि स्वतःचे पूर्वग्रह यांपलीकडे काय असणार? आणि परवान्याशिवाय दिवस राहिलेच तर पुढे काय करायचे? दंड? तुरुंग? की शस्त्रक्रिया? या प्रश्नाशी आल्यावर परवान्याची गंमत संपते.

बाईंचे हे कलम त्यांच्याच घराला लावून पाहू. कॉर्निंगच्या त्या पाथरवटाने सहाव्या परवान्यासाठी अर्ज केला असता तर? मिळकत बेभरवशाची, चर्चशी वैर, बायकोला क्षय, आणि प्रत्येक बाळंतपण तिला मरणाकडे ढकलणारे. कारकुनाने चष्मा वर करून पाहिलेही नसते. मार्गारेट हिगिन्स जन्माला आली नसती. बरे, आली असे धरले, तरी १९०२ मध्ये क्षयाने आजारी असलेल्या मार्गारेट सँगरला पहिल्या मुलाचा परवाना कुणी दिला असता? सारी चळवळ ज्या वेदनेतून उपजली, तिच्याच जोरावर बाईंनी तो नियम रचला, आणि त्या नियमात त्यांची आई आणि त्या स्वतः अशा दोघीही बसत नव्हत्या. माझ्या वाचनात तरी बाईंनी याचा विचार केल्याचे आलेले नाही. अँबॉय स्ट्रीटवर आईला विचारले जात होते की तुला काय हवे आहे. कोडाच्या कागदावर तिला विचारले जाणार होते की तू कोण लागून गेलीस.

विसंगती अशी की त्याच वर्षी या बाई वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीपुढे उभ्या राहून, कॉमस्टॉक कायद्याच्या कचाट्यातून डॉक्टरांना सोडवा, अशी मागणी करीत होत्या. एका हाताने सरकारला खोलीबाहेर काढायचे आणि दुसऱ्या हाताने आत बोलवायचे! काँग्रेसने काही केले नाही. शेवटी १९३६ मध्ये जपानहून मागविलेल्या साधनांच्या एका पार्सलावरून झालेल्या खटल्यात न्यायालयाने डॉक्टरांना मोकळीक दिली. परवान्याचा कोड मात्र कागदावरच राहिला.

आपल्याकडेही हा वाद तेव्हा पेटलेला होता. धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला होता आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावली होती. १९३४ मध्ये, बाई तिकडे कोड लिहीत असताना, ‘समाजस्वास्थ्य’कर्ते कर्वे अश्लीलतेच्या आरोपाखाली मुंबईच्या कोर्टात उभे होते आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. जुन्या म्हैसूर संस्थानचे चित्र वेगळे. तिथल्या सरकारने १९३० मध्ये स्वतःच असे दवाखाने उघडण्याचा हुकूम काढला. सरकारी पातळीवर हे पाऊल उचलणाऱ्या जगातल्या पहिल्या काही राजवटींत म्हैसूरची गणना होते. आपल्या कन्नड विभागातील मित्रांनी या विषयावर स्वतंत्र लेख लिहावा असा तो आहे.

१९३५च्या अखेरीस सँगरबाई हिंदुस्थानात आल्या. डिसेंबरच्या आरंभी वर्ध्याला मगनवाडीत त्यांनी गांधीजींची भेट घेतली. त्या पोहोचल्या तो सोमवार, म्हणजे महात्माजींच्या मौनाचा वार. स्वागत हसण्यावर झाले. पुढे दोघांचे दीर्घ संभाषण झाले. स्त्रीची नवऱ्याच्या जुलमातून सुटका व्हावी, येथवर दोघे एक. मार्ग मात्र वेगळे. गांधीजींचे म्हणणे, साधने नकोत, संयम हवा. नवऱ्याला नाही म्हणायला स्त्रीने शिकावे. बाईंना वाटे की हा उपदेश महात्म्याला ठीक, ब्राउन्सव्हिलच्या बाईला त्याचा काय उपयोग? कुणी कुणाला जिंकले नाही. तेथून बाई शांतिनिकेतनात रवींद्रनाथांना भेटल्या आणि त्रावणकोरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत बोलल्या. परिषदेने त्यांच्या बाजूचा ठराव केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींचे प्रताप जगापुढे आले. १९३३च्या कायद्याने जर्मनीत सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली होती. हिटलरविषयी बाईंना घृणाच होती; पण सुप्रजाजननाची भाषा त्यांनी पुरती टाकली असे दिसत नाही. १९५२ मध्ये त्या पुन्हा मुंबईला आल्या. तिथल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाची स्थापना झाली. या कामी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या धनवंती रामराव. जन्माने काश्मिरी असलेल्या या बाईंचे बालपण आपल्या शेजारच्या हुबळीत गेले. त्याच सुमारास भारत सरकारनेही कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. बाई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि गोळीच्या शोधामागे लागल्या होत्या. कॅथरिन मॅकॉर्मिक या धनिक बाईंचा पैसा आणि ग्रेगरी पिंकस यांचे संशोधन यांची गाठ त्यांनी घालून दिली. १९६० मध्ये संततिनियमनाच्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. प्वेर्तो रिकोच्या गरीब बायकांवर तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा त्यांना धोक्याची पुरती कल्पना दिली गेली नव्हती, हेही इथे नोंदविले पाहिजे.

परवान्याची कल्पना बाईंबरोबर संपली नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात भारतात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या किती राजीखुशीच्या होत्या हे तेव्हाच्या पिढीला ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे आणि मोडणाऱ्यास तुरुंगात धाडणारे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते कायद्याच्या पुस्तकात आले नाही. चीनमध्ये १९८० पासून २०१५ पर्यंत एक अपत्याचे धोरण राबविले गेले. तिथे मुलासाठी खरोखरच आधी सरकारी परवाना घ्यावा लागे, आणि तो नसताना गरोदर राहिलेल्या असंख्य बायकांना सक्तीच्या गर्भपाताला तोंड द्यावे लागले. दंड, तुरुंग की शस्त्रक्रिया, या प्रश्नाचे उत्तर तिथे असे मिळाले.

अखेरची वर्षे बाईंनी अ‍ॅरिझोना राज्यातील टूसॉन येथे काढली. शेवटी शेवटी स्मृती साथ देत नव्हती. ६ सप्टेंबर १९६६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. ज्या न्यूयॉर्क शहरात त्यांनी तुरुंगवास सोसला, तिथल्या त्यांच्याच परंपरेतल्या संस्थेने त्यांचे सुप्रजाजननाचे विचार पाहून २०२० मध्ये आपल्या मॅनहॅटनच्या दवाखान्यावरून त्यांचे नाव काढून टाकले.

मृत्यूच्या वर्षभर आधी, जून १९६५ मध्ये, एक निकाल लागला होता. कनेक्टिकट राज्यात विवाहित जोडप्याने संततिनियमनाचे साधन वापरणे हाही गुन्हा होता. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला आणि पतिपत्नींच्या खोलीत डोकावण्याचा अधिकार सरकारला नाही, असे मानले. अँबॉय स्ट्रीटवरची मागणी एकोणपन्नास वर्षांनी मान्य झाली. कॅरी बकच्या खटल्यातला १९२७चा निर्णय मात्र त्या न्यायालयाने अद्याप स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाही.